कुत्र्याच्या मातीला कोण येतं?

परंडा तालुक्यातल्या शेतवस्तीवर संध्याकाळच्या भाकरी थापून झाल्या की परातीत उरलेल्या पिठाची एक चानकी होते. ती कुत्र्याची. कुत्रा मेला तरी पुढे काही दिवस हात सवयीनं ती थापतो. चानकी तव्यावर पडते आणि मग थापणारीच्या लक्षात येतं, खाणारा उरला नाही.

माणूस गेला की गाव मातीला येतं. भाऊबंद सुतक धरतात, राख सावडतात, दहाव्याला कावळा शिवायची वाट बघतात. कुत्र्यासाठी बांधाच्या कडेला खड्डा काढला, माती लोटली की विषय संपला. दुसऱ्या दिवशी घरातलं कुणी डोळे पुसताना दिसलं, तर ‘कुत्रंच होतं की’ असं म्हणून लोक मोकळे होतात. मेंदूला मात्र इतक्या लवकर मोकळं होता येत नाही.

तव्यावरची चानकी हा त्याचाच पुरावा. आपला मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो. फटफटीचा आवाज आला की कुत्रा वाटेपर्यंत धावत येणार, बाज टाकली की खाली येऊन बसणार, रात्री अनोळखी पाऊल वाजलं की भुंकणार. या गोष्टी हजारो वेळा घडल्यानं त्यांचे मार्ग मज्जापेशींत पक्के झालेले असतात. ‘तो मेला’ ही माहिती एका क्षणात कळते. पक्के झालेले अंदाज पुसायला महिने लागतात. तोवर दिवसातून दहा वेळा अंदाज चुकतो आणि प्रत्येक वेळी काळजात कळ उठते. शोकाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी-फ्रान्सिस ओकॉनर म्हणूनच शोकाला एक प्रकारचं शिकणं मानतात. जग बदललंय, हे मेंदू हळूहळू शिकत असतो.

मध्यरात्री साखळी वाजल्याचा भास होतो, तोही यामुळेच. वेल्समधले डॉक्टर ड्यूई रीस यांनी १९७१ साली २९३ विधवा-विधुरांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेल्या जोडीदाराची चाहूल लागल्याचे अनुभव आले होते. कुत्रा गमावलेल्या लोकांकडूनही असंच ऐकायला मिळतं. त्यात वेड नाही आणि बाहेरची बाधाही नाही.

मुळात कुत्र्याचा एवढा लळा का लागतो? जपानमधल्या अझाबू विद्यापीठाच्या मिहो नागासावा आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं एक उत्तर दिलं. कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिले, की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं. आई बाळाला पाजते तेव्हा तिच्या शरीरात पाझरतं, तेच हे. माणसानं लहानपणापासून वाढवलेल्या लांडग्यांत मात्र असं घडलं नाही. म्हणजे आई-लेकरातला धागा कुत्र्यानं माणसाच्या सहवासात राहून आपलासा केला आहे.

हा धागा जुना आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथं १९१४ साली सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीची कबर सापडली. त्यात एक स्त्री, एक पुरुष आणि कुत्र्याचं पिल्लू होतं. पिल्लाच्या दातांवर डिस्टेंपर या रोगाच्या खुणा आहेत. आजही लस न दिलेली पिल्लं या रोगानं दगावतात. शिकारीला उपयोग नसलेलं ते आजारी पिल्लू काही आठवडे जगलं, ते कुणीतरी त्याचं केल्यामुळेच, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. आपल्याजवळचं उदाहरण कर्नाटकातल्या अतकूरचं. लट्टलूरचं, म्हणजे लातूरचं, नाव बिरुदात मिरवणाऱ्या राष्ट्रकूटांच्या काळात, इसवी सन ९५०च्या सुमारास, रानडुकराशी झुंजून मेलेल्या ‘काळी’ नावाच्या कुत्र्यासाठी तिथं कोरीव शिळा उभारली गेली.

मग आज हे दुःख लपवावं का लागतं? केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं १९८९ साली अशा शोकाला नाव दिलं. त्याचा आपल्या भाषेत अर्थ, समाजानं हक्क नाकारलेलं दुःख. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत स्फोटकं हुडकणारा झंजीर हा पोलिसांचा कुत्रा २००० साली गेला, तेव्हा त्याला सन्मानानं निरोप मिळाला. दहा वर्षं शेळ्या राखणाऱ्या कुत्र्याला कुणाची सलामी नसते. परंडा तालुक्यातलं सोनारीचं भैरवनाथाचं देवस्थान प्रसिद्ध आहे. कुत्रा हे भैरवाचं वाहन. देवळात त्याच्यापुढं हात जोडायचे आणि घरातल्या कुत्र्यासाठी रडणाऱ्याला हसायचं, हे काही बरं नाही.

सुतकाची योजना मनाच्या दृष्टीनं शहाणी होती. काही दिवस कामातून सूट, येणारी-जाणारी माणसं आणि शेवटी कामाला लागण्याचा ठरलेला दिवस. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ साली मांडलेलं प्रारूपही असंच सांगतं. शोकातला माणूस कधी दुःखाकडे, कधी रोजच्या व्यवहाराकडे असा हेलकावत राहतो आणि त्यातूनच सावरतो. सारखं रडणंही नको, सारखं गिळून बसणंही नको.

कुत्र्यासाठी एवढं आपल्याला घरातच करता येईल. पुरताना घरातल्या सगळ्यांना बोलवा. खड्डा खोल काढा, विहिरीपासून लांब. तिथं एखादं झाड लावा. लहान मुलांना ‘तो झोपलाय’ किंवा ‘पळून गेला’ असं सांगू नका. मूल वाट बघत राहतं, नाहीतर झोपायला घाबरतं. ‘तो मेला, आता परत येणार नाही’ असं जवळ घेऊन सांगा. ‘आधीच डॉक्टरकडे नेलं असतं तर’ ही टोचणी जवळजवळ प्रत्येकाला लागते. पण शेवट कळल्यावर मागची चूक ठळक दिसते. त्या दिवशी ती तशी दिसत नव्हती, हे स्वतःला सांगावं लागतं.

घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याच्याकडेही बघा. इटलीत ४२६ मालकांनी दिलेल्या माहितीवर बेतलेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. सोबती गेल्यावर बहुतेक कुत्र्यांचं वागणं बदललं, अनेकांचं खेळणं आणि काहींचं खाणं कमी झालं, असं मालकांना दिसलं होतं.

नवं पिल्लू आणायची घाई नको. कुत्रा पार्व्हो या विषाणूच्या रोगानं गेला असेल तर तो विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे लस पूर्ण न झालेलं पिल्लू त्याच अंगणात आणणं धोक्याचं. मरण्याआधी कुत्रा पिसाळल्यासारखा वागत होता आणि कुणाला चावला, ओरखडला असेल, तर दुःख बाजूला ठेवून जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कित्येक आठवडे झोप, जेवण, काम सुरळीत होत नसेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर डॉक्टरांशी बोला. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

बाकीच्यांनी करायचं ते सोपं आहे. शेजारच्या दारातली साखळी रिकामी दिसली तर ‘कुत्रंच होतं’ म्हणू नका. घटकाभर ओट्यावर टेका आणि ‘कसं झालं?’ एवढं विचारा. दुखवटा म्हणजे तरी दुसरं काय असतं?