हजार चंद्र, हजार मैल

मध्यमवर्गीय माणसाला वर्षाचा हिशेब दोनदा मांडावा लागतो. एकदा मार्चअखेर, आयकर खात्यासाठी. आणि दुसऱ्यांदा दिवाळीत, स्वतःसाठी. पहिल्या हिशेबात शोधायचे असे काही नसते, पगाराचे आकडे आपल्याआधी खात्यालाच ठाऊक असतात. दुसऱ्यात मात्र जमेची बाजू शोधून काढावी लागते, कारण चांगल्या गोष्टींची पावती कोणी फाडून देत नाही. आमच्या डोंबिवलीच्या घरात २०२४ च्या दिवाळीपासून २०२५ च्या दिवाळीपर्यंत जमेच्या बाजूला इतके काही पडले आहे, की ते कुठेतरी मांडून ठेवल्यावाचून राहवत नाही.

किरकोळ रकमा आधी उरकतो. मला महाविद्यालयात मराठी शिकवायला लागून वीस वर्षे पूर्ण झाली. त्याबद्दल शाल आणि श्रीफळ मिळाले. शाल कपाटात आहे, श्रीफळाची त्याच संध्याकाळी चटणी झाली. आमच्या सौभाग्यवतीची बँकेतली पंचवीस वर्षे भरली. तिला शाल मिळाली नाही, पण एक दिवस साडेपाचला घरी सोडले. तिच्या मते हाच मोठा सत्कार. शिवाय ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हापासून दिवाळीपर्यंत आमचा वाणी, इस्त्रीवाला आणि तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मामलेदार अशा सर्वांनी माझे अभिनंदन केले. जणू दर्जाचा कागद मीच खिशात घालून आणला होता. मीही कोणाला नाही म्हटले नाही. एवढ्या वर्षांत मराठीच्या मास्तरचे अभिनंदन करायला लोकांना दुसरे निमित्त तरी कुठे मिळाले होते?

पण वर्षाची खरी रक्कम आहे ती आमच्या दादांच्या डाव्या डोळ्याची.

दादा म्हणजे माझे वडील. त्यांचा जन्म फेब्रुवारी १९४४ च्या अखेरचा. सारी नोकरी तारखात्यात झाली आणि २००४ साली ते निवृत्त झाले. तारेचे पैसे शब्दांवर. त्यामुळे जास्तीचा शब्द म्हणजे उधळपट्टी, हे त्यांच्या अंगात इतके मुरले आहे की आम्हां मुलांना त्यांनी लांबलचक रागावल्याचे मला आठवत नाही. शुभेच्छांच्या ठरीव मजकुरांना तारघरात क्रमांक असत. दिवाळीच्या शुभेच्छा पहिल्या क्रमांकाच्या, विवाहाच्या आठव्या. आजही लग्नाचे आमंत्रण आले की दादा पत्रिका पाहून आईला म्हणतात, “आठ नंबर आहे, आहेराचं बघ.” जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. शेवटच्या दिवशी, १४ जुलैला, हे निवृत्त गृहस्थ रांगेत दोन तास उभे राहिले आणि घरच्याच पत्त्यावर आईला तार करून आले. मजकूर एवढाच, की घरी येतो, जेवायला थांब. तार येण्याआधी दादाच घरी पोहोचले, हा भाग वेगळा. ती तार आईच्या दागिन्यांच्या डब्यात आहे. त्या डब्यात आता दागिने थोडे आणि कागद जास्त.

तर या दादांचा उजवा डोळा काचबिंदूने पूर्वीच गेलेला. काचबिंदूचे दुखणे असे चोरट्या पावलांचे, की नजर कडेकडेने कातरत जाते आणि माणसाला पत्ता लागतो तेव्हा गेलेले परत येत नाही. राहिला एक डावा डोळा, आणि गेल्या दोन वर्षांत त्यात मोतीबिंदू पिकत आला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता सर्रास होते, आमच्या इमारतीतच सहाजण करून आले आहेत. पण त्या सहाजणांना दुसरा डोळा होता. डॉक्टर स्पष्टवक्ते निघाले. ते म्हणाले, “धोका फार थोडा आहे. पण तुमच्याकडे पणाला लावायला एकच डोळा आहे, म्हणून निर्णय तुमचा.” दादांनी निर्णय दिला, तोही तारेच्या भाषेत: “आहे तेवढं पुरे.”

आणि त्यानंतर आई त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागली. रोज सकाळी चहानंतर दीड तास. आधी निधनवार्ता, मग पहिले पान, मग अग्रलेख, मग रेल्वेच्या मेगाब्लॉकचे वेळापत्रक. गेली वीस वर्षे दादा लोकलने कुठे गेलेले नाहीत, पण मेगाब्लॉक त्यांना ऐकायचाच असतो. आईचे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचे. अग्रलेखातला एखादा शब्द अडला तर ती थांबत नसे, स्वतःला पटेल तो अर्थ घालून पुढे जाई. मराठीचा प्राध्यापक या नात्याने सांगतो, पुष्कळदा अग्रलेख त्यामुळे सुधारत असे.

२०२४ च्या दिवाळीत गॅलरीत पणत्या लावल्या तेव्हा दादा म्हणाले, प्रत्येक पणतीभोवती कडे दिसते आणि ज्योत कुठे आहे ते कळत नाही. चंद्राचेही तेच. कधी दोन दिसत, कधी तीन. त्यावर त्यांनी विनोदही करून ठेवला होता: “माझे हजार केव्हाच पुरे झाले, रोज रात्री दोन-तीन जमा होतात.”

हजार म्हणजे सहस्रचंद्रदर्शन. गुरुजींनी रीतीप्रमाणे सांगितले की ऐंशी वर्षे आठ महिने झाले की विधी करावा, म्हणजे तो दिवाळीच्या सुमारासच आला असता. दादांना हे मंजूर नव्हते. त्यांनी कागद-पेन्सिल मागवली आणि आम्हांला आकडे लिहायला लावले. ऐंशी वर्षांच्या बाराच्या हिशेबाने ९६० पौर्णिमा. अधिक महिना साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो, ते तीस धरा. झाल्या ९९०. म्हणजे ऐंशीव्या वाढदिवसानंतर आणखी दहा. बोटे मोजून त्यांनी हजारावी पौर्णिमा काढली ती १५ डिसेंबर २०२४, रविवार. “तुमच्या दिवशी दोन शब्द कमी पडतात,” त्यांनी गुरुजींना सांगितले. “कमी शब्दांची तार पूर्ण पैशांत आम्ही कधी घेतली नाही.” गुरुजी हसले आणि पंचांग मिटून चहा प्याले.

त्या रात्री आई भांडी आवरता आवरता स्वयंपाकघरातून एवढेच म्हणाली, “अहो, हजारावा चंद्रसुद्धा मीच वाचून दाखवायचा का?”

आठ दिवसांनी दादा शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते.

या शस्त्रक्रियेला किती वेळ लागतो ते ठाऊक असूनही बाहेर बसलेल्या माणसाला ती वीस मिनिटे फार लांब लागतात. टाका नाही, मोठी भूल नाही, डोळ्यात थेंब घालून बधिर करतात, बारीकशा छेदातून पिकलेले भिंग ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेतात आणि घडी घातलेले कृत्रिम भिंग आत सरकवतात, ते आत जाऊन उलगडते. हे सगळे माझ्या मुलीने आजीला वहीत आकृती काढून समजावले होते. आईने आकृती नीट पाहिली, घडी करून पिशवीत ठेवली आणि बाकावर बसून रामरक्षा म्हणू लागली. सौ. एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. त्या वीस मिनिटांत आम्हां तिघांत एक शब्द झाला नाही. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, “सगळं छान झालं. फक्त आजोबांची बोटं सारखी टकटक करत होती, ती थांबवावी लागली.” ती टकटक काय होती हे फक्त आईने ओळखले. मोर्सची कळ दाबायची सवय जिवात भिनलेली. काय पाठवत होता म्हणून नातीने विचारले तर दादा म्हणाले, “काही नाही. लाइन चालू आहे का ते पाहत होतो.”

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आईकडे बघून ते म्हणाले, “तुझे केस पांढरे झाले की.” बाईला असे वाक्य ऐकून आनंद झाल्याचे मी आयुष्यात एकदाच पाहिले.

१५ डिसेंबरला सकाळी विधी झाला. चांदीच्या चंद्राची पूजा झाली आणि एक्क्याऐंशी दिव्यांनी औक्षण झाले. पण आमचे सगळ्यांचे लक्ष संध्याकाळकडे. पावणेसहाच्या सुमाराला आम्ही सगळे, शेजारपाजारच्यांसह, गच्चीवर गेलो. पूर्वेला इमारतींची दाटी, त्यामुळे चंद्र क्षितिजावर दिसायचा प्रश्नच नव्हता. पाण्याच्या टाकीच्या वर येईपर्यंत वाट पाहावी लागली. आला तेव्हा कोणी काही बोलले नाही. दादांनी बराच वेळ पाहिले, मग मुलाने शाळेत हात वर करावा तसा हात वर करून म्हणाले, “एकच आहे.”

एवढे झाल्यावर वर्षाने थांबायला हरकत नव्हती. पण ५ मे २०२५ रोजी बारावीचा निकाल लागला, पुढे प्रवेशाच्या फेऱ्या झाल्या, आणि मुलीला वास्तुशास्त्रासाठी जागा मिळाली ती थेट तिरुचिरापल्लीला. पुण्याला जाईल, फार तर नागपूरला, अशी तयारी मनाने केली होती. तमिळनाडूची केली नव्हती. आनंद तर होताच. पण आई रोज लोणच्याची बरणी उचलून “हे गाडीत सांडेल का” एवढेच विचारत राहिली, त्यावरून काय ते समजावे.

पोहोचवायला मी आणि सौ. जाणार असे ठरले होते. दादांनी जाहीर केले, “आम्हीही येतो. डोळा आहे.” त्यावर कोणाचे काय चालणार! ऑगस्टमध्ये पाचजण कल्याणला गाडीत बसलो. चेन्नईपर्यंत एक गाडी, तिथे बदलून तिरुचिरापल्लीची दुसरी. मैलांत सांगायचे तर जवळजवळ हजार मैल. सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल, रेणिगुंटा. ज्या गावांच्या तारा चाळीस वर्षे हातांखालून गेल्या, ती गावे दादा पहिल्यांदाच पाहत होते. खिडकीची जागा त्यांनी कोणाला दिली नाही आणि प्रत्येक स्थानकाची पाटी मोठ्याने वाचली. समोरच्या बाकावरच्या तेलुगू कुटुंबाने पहिल्या दिवशी सहन केले. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलेही दादांबरोबर वाचू लागली.

वसतिगृहाचा निरोप मी लिहीत नाही. ज्यांनी मुली दूर पाठवल्या आहेत त्यांना तो ठाऊक आहे.

परतीआधी एक दिवस हाताशी होता, आणि तंजावर तिथून तासा-दीड तासाच्या अंतरावर. मराठी शिकवणाऱ्या माणसाने एवढ्या जवळ जाऊन तंजावर चुकवणे शक्यच नव्हते. शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तिथे गादी स्थापन केली. भोसल्यांचे घराणे तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नांदले. बृहदीश्वराचे देवालय त्याच्या कितीतरी आधीचे, राजराज चोळाने सन १०१० च्या सुमारास पुरे केलेले. शिखर दोनशे फुटांच्या आसपास, सगळे ग्रॅनाइटचे. पण मी ज्यासाठी गेलो होतो ते शिखर नव्हते. आवाराच्या भिंतीवर सरफोजीराजांच्या कारकिर्दीत, १८०३ साली, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरवून ठेवला आहे. वर्गात त्याविषयी मी वीस वर्षे बोलत आलो होतो. प्रत्यक्ष त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा बोलायला काही सुचेना. दादांनी चष्मा काढला, भिंतीच्या अगदी जवळ गेले आणि अक्षरावर अक्षर लावीत एक नाव वाचले, “श–हा–जी.” मग मागे वळून नातीला सांगावे तसे बोलू लागले आणि ती तिथे नाही हे लक्षात येऊन गप्प झाले.

तिथल्याच सावलीत एक वृद्ध गृहस्थ आमचे बोलणे ऐकत बसले होते. ते उठून आले आणि मराठीत बोलू लागले. तंजावरचेच, घराणे पिढ्यान्‌पिढ्या तिथले. बोलण्याला तमिळ हेल, मधूनच तमिळ शब्द, काही रूपे अशी की आपल्या कानांना पोथीतली वाटावीत. पण घरात आजही हेच बोलतो, असे ते म्हणाले. आईने त्यांना मुलीचे सगळे सांगितले, कुठे ठेवली, काय शिकते, किती बारीक आहे. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, आमचेही कोणीतरी असेच तिकडून आले होते.

दुपारी सरस्वती महाल ग्रंथालय पाहिले. सरफोजीराजांना ग्रंथांचा जेवढा नाद, तेवढाच वैद्यकाचा. नेत्ररोग्यांच्या त्यांनी ठेववलेल्या नोंदी, रोग्यांच्या डोळ्यांच्या चित्रांसह, या ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत. दोनशे वर्षांपूर्वीच्या मोतीबिंदूवाल्यांची दप्तरी नोंद! हे सांगितल्यावर दादांना राजांबद्दल जो आदर वाटला तो साऱ्या भोसले वंशाच्या इतिहासाने वाटला नव्हता. “रेकॉर्ड ठेवणारा माणूस,” ते म्हणाले. त्यांच्या कोशात याहून मोठी पदवी नाही.

आता घर दोन खोल्यांनी मोठे झाल्यासारखे वाटते, आणि त्याचा कोणाला उपयोग नाही. मुलगी रोज रात्री फोन करते. तमिळ अक्षरे ओळखू लागली आहे. तिची नवी भाषा २००४ साली अभिजात ठरली आणि आपली वीस वर्षांनी, याची आठवण ती मला मुद्दाम करून देते. दादा तिला मोबाइलवर संदेश पाठवतात. आठ शब्दांच्या वर एकही गेलेला नाही. वर्तमानपत्र आता त्यांना स्वतः वाचता येते, तरी सकाळी चहा झाला की ते घडी न मोडता आईपुढे ठेवतात, आणि आई चष्मा शोधू लागते.

मुलीचे दिवाळीचे परतीचे तिकीट पक्के झाले आहे. आईने चकलीची भाजणी दुप्पट भाजली. दादांनी काल रात्री संदेश पाठवला तो मी पाहिला: “रेणिगुंटा आलं की कळव. कल्याणला घ्यायला येतो.”