जोखीम कोणाची, धोका कोणाला

गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी या गावाच्या नावातच सडक आहे, आणि ती सडक म्हणजे नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना राजमार्ग, ज्याला सरकारी दप्तरात आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ असे म्हणतात. एका अंगाला नागझिऱ्याचे अरण्य, दुसऱ्या अंगाला नवेगावचे, आणि त्या दोहोंच्या मधून अहोरात्र धावणाऱ्या मालमोटारी, अशी या मुलखाची ठेवण असल्यामुळे ‘धोका’ हा शब्द येथे पोलीस ठाण्यातील फिर्यादीत, वनखात्याच्या फलकावर आणि पहाटे मोहफुले वेचायला निघालेल्या बाईच्या तोंडी सारखाच वावरत असतो. या एका शब्दाच्या परिसरात इंग्रजीने एन्डेंजर, इम्पेरिल, जेपर्डाइज, हॅझर्ड, रिस्क, व्हेंचर अशी क्रियापदांची मोठी बिरादरी जमवलेली आहे, आणि आपण मात्र त्या सर्वांना ‘धोक्यात आणणे’ या एकाच दावणीला बांधून मोकळे होतो. त्यांतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे, कारण धोका स्वतः पत्करणारा कोण आणि तो दुसऱ्यावर लादणारा कोण, हा प्रश्न त्या भेदातच दडलेला आहे.

एन्डेंजर या क्रियापदाच्या पोटातील ‘डेंजर’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला व त्याचे मूळ लॅटिन भाषेतील धनी किंवा स्वामी या अर्थाच्या शब्दात आहे. एखाद्याच्या ‘डेंजर’मध्ये असणे म्हणजे त्याच्या सत्तेखाली, त्याच्या मर्जीवर असणे, आपल्याला अपाय करण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याच्या कक्षेत सापडणे. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकात, शायलॉकच्या कर्जरोख्यात अडकलेल्या अँटोनियोची स्थिती न्यायसभेत विचारताना पोर्शिया हा शब्द याच जुन्या अर्थाने योजते. म्हणजे धोका या कल्पनेच्या मुळाशी बलवान आणि दुर्बल अशा दोन पक्षांचा संबंध होता, आणि माझ्या मते आजही या क्रियापदाचा खरा जोर तेथेच आहे.

इतर शब्दांची कुळकथा निराळी आहे. ‘जेपर्डी’ हा जुन्या फ्रेंचमधील ‘सारखा वाटलेला डाव’ या अर्थाचा शब्द. ज्या डावात हार आणि जीत यांची शक्यता समसमान, तो डाव. त्यापासून बनलेले ‘जेपर्डाइज’ हे क्रियापद कोशकार नोआ वेब्स्टर यांना १८२८ साली निरुपयोगी वाटले, तरी लोकांनी ते टिकवले. आरोपीचे दैव एकाच गुन्ह्याकरिता दोनदा पणाला लागू नये, हे आपल्या राज्यघटनेतील अनुच्छेद २० (२) चे तत्त्व इंग्रजीत याच शब्दाने ओळखले जाते. ‘हॅझर्ड’ हा मुळात फाशांचा खेळ, आणि ‘पेरिल’चे मूळ कसोटी किंवा प्रयत्न या अर्थाच्या लॅटिन शब्दात.

रिस्क आणि व्हेंचर यांचा स्वभाव मात्र व्यापाऱ्याचा आहे: नफ्यातोट्याचा हिशेब करून, डोळे उघडे ठेवून, आपले आपण पुढे टाकलेले पाऊल. या जागी मराठीपाशी ‘जोखीम’ हा अत्यंत समर्थ शब्द आहे, आणि तो आपण पत्करतो, उचलतो, अंगावर घेतो. दुसऱ्याला जोखमीत लोटले असे सहसा म्हणत नाही. पश्चिम हिंदुस्थानच्या सावकारीत जोखमी हुंडी नावाची एक हुंडी चालत असे. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे देय होत आणि वाटेत गलबत बुडाले तर ती रक्कम मागता येत नसे. विमा आणि हुंडी यांचा असा संगम त्या व्यवहारात होता, आणि जोखीम कोणाच्या शिरावर हे दोन्ही पक्षांना आगाऊ ठाऊक असे.

चैत्रात मोहफुले आणि वैशाखात तेंदूपाने गोळा करण्यासाठी उजाडण्यापूर्वी जंगलात शिरणारी माणसे अशीच जोखीम उचलतात. वाघ, अस्वल यांची गाठ पडू शकते हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. परंतु त्या हंगामाच्या मिळकतीवर घरखर्चाचा बराच भार असल्यामुळे ती जातात, आणि अशा जोखमीला स्वेच्छेची म्हणावे काय, याबद्दल माझ्या मनात पुष्कळ शंका आहे. याच हंगामात मोहाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करण्याची रीत आहे, आणि ती आग पसरली की जोखीम उचलणाराच अरण्याला धोक्यात घालणारा होतो.

‘एन्डेंजर’चे भूतकालवाचक रूप आज वन्यजीवांच्या संदर्भात सर्वतोमुखी झाले आहे. १९६४ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत वाघ आणि नागझिऱ्यात दिसणारा रानकुत्रा हे दोघेही संकटग्रस्त ठरलेले आहेत, तर गोंदियाच्या भातशेतीत वावरणारा सारस त्याहून एक पायरी अलीकडच्या, असुरक्षित या वर्गात मोडतो. वर्गीकरण शास्त्रशुद्ध आहे. परंतु या रूपात कर्ता लोप पावतो, आणि ‘संकटग्रस्त’ म्हणताना तर ग्रहणाने चंद्राला ग्रासावे तसे संकटच आपण होऊन प्राण्याला ग्रासते, असा भास होतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गोंदिया-कोहमारा मार्गावर मुरदोलीच्या जंगलात एक तरुण वाघ मोटारीच्या धडकेने जखमी होऊन मेला, तेव्हा कर्ता चाक हाती धरून बसलेला होता.

कायदा हा कर्ता विसरत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ अन्वये, बेदरकारपणे किंवा हयगयीने इतरांचे जीवित धोक्यात आणणे हाच गुन्हा आहे. कोणाला ओरखडाही उमटला नाही तरी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दुखापत झाल्यास शिक्षा वाढते. मात्र त्या कलमात मानवी जीवित असे स्पष्ट शब्द आहेत, आणि भरधाव वाहन चालवण्यासंबंधीच्या कलम २८१ लाही माणसाच्याच जिवाची व दुखापतीची चिंता आहे. नागझिरा व नवेगाव यांच्यामधून रात्री निर्मनुष्य रस्त्यावर भरधाव जाणारी मोटार, समोर रस्ता ओलांडणारे रानकुत्र्यांचे खांडके असले तरी, या दोन्ही कलमांच्या कक्षेबाहेर राहते.