आधी आई बघा, मग पिल्लू

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत एका घरी लॅब्रॅडॉरचं पिल्लू आलं. मोबाइलवर फोटो बघून पसंत केलेलं, पैसे आधीच पाठवलेले, आणि पिल्लू रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, पुठ्ठ्याच्या खोक्यातून, पहाटे स्वारगेटला उतरलेलं. पंचेचाळीस दिवसांचं आहे, पहिली लस झालीय, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, पाचव्या दिवशी रक्ताची हगवण, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत पिल्लू गेलं. पार्व्हो. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "आमच्याकडून निघालं तेव्हा ठणठणीत होतं, साहेब."

तो खोटं बोलत होता असंही म्हणता येत नाही. पार्व्होचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. आजार बरोबर घेऊन निघालेलं पिल्लू खोक्यातून शेपटी हलवत बाहेर येऊ शकतं. आणि "लगेच दुसरं आणू" हेही जमत नाही, कारण हा विषाणू फरशीच्या सांध्यांत, कुंड्यांच्या मातीत कित्येक महिने तग धरून राहतो. फिनेलला तो दाद देत नाही. तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून पुसावं लागतं, आणि मातीला तर तेही लागू पडत नाही.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी "चांगला ब्रीडर सांगा ना" म्हणून फोन करतं, तेव्हा मी नाव सांगत नाही, बघायचं कसं ते सांगतो. (रस्त्यावरचं किंवा एखाद्या संस्थेतलं पिल्लू घरी आणणार असाल तर उत्तमच. त्याला ब्रीडर लागत नाही, डॉक्टर लागतो.) ज्यांना विशिष्ट जातीचंच कुत्रं हवं आहे त्यांच्यासाठी पुढचं सगळं. उदाहरण लॅब्रॅडॉरचं घेतो, कारण आपल्याकडे मुलाबाळांच्या घरात तोच सर्वांत जास्त आणला जातो.

पहिली गोष्ट, पिल्लू बघायला जाऊ नका. आई बघायला जा. सहा-सात आठवड्यांचं कुठलंही पिल्लू गोडच असतं. त्याच्याकडे बघून काहीही ठरवता येत नाही. खाण तशी माती म्हणतात ते इथे शब्दशः खरं. आई कुठे आहे असं विचारलं की काय उत्तर येतं ते ऐका. "आई गावाला पाठवलीय", "ती दुसऱ्या फार्मवर आहे", "तिला आत्ता फिरायला नेलंय". यातलं काहीही ऐकू आलं की चहा न घेता निघावं. बहुतेकदा पिल्लं कुठून तरी ठोकात आणलेली असतात आणि आई त्या माणसानेही पाहिलेली नसते.

काही हुशार लोक आई म्हणून दुसरीच कुत्री पुढे करतात. तिला ओळखणं अवघड नाही. जिने सहा-सात आठवडे सात-आठ पिल्लं पाजली आहेत, तिचे सड लोंबलेले असतात, पोटावरचे केस विरळ झालेले असतात, सडांच्या आजूबाजूला पिल्लांच्या नख्यांचे ओरखडे दिसतात. ती अंगाने जरा उतरलेली असते, आणि बाळंतपणानंतर बायकांचे केस गळतात तसे तिचेही गळत असतात. पोट ताठ, केस तुकतुकीत आणि पिल्लं जवळ आली की गोंधळून बघणारी कुत्री आई नव्हे. खऱ्या आईला या वयात पिल्लांचा थोडा कंटाळाच आलेला असतो. त्यांचे दुधाचे दात टोचतात. पिल्लं पोटाशी झोंबली की ती हलकं गुरकावते किंवा उठून जाते.

आता तिचा स्वभाव बघा. तुम्ही आत शिरल्यावर ती कोपऱ्यात जाऊन थरथरली किंवा दात काढून अंगावर आली, तर तिची पिल्लं कितीही गोड असली तरी नकोत. भित्रेपणा काही रक्तातून येतो आणि काही आईकडे बघून शिकला जातो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथे वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून त्यांच्या वागण्याचा अभ्यास केला. १९६५ साली त्यांचं पुस्तक आलं. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला जे दिसतं, ऐकू येतं, जी माणसं हाताळतात, ते सगळं त्याला पुढे आपलं वाटतं, हे आज सर्वमान्य आहे. पिल्लू आठव्या आठवड्यात तुमच्याकडे येणार असेल, तर या काळातले पाच आठवडे ब्रीडरच्या घरात गेलेले असतात. गच्चीवरच्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला मिक्सर माहीत नसतो, कुकरची शिट्टी माहीत नसते, लहान मूल माहीत नसतं. ते तुमच्या घरी सोफ्याखाली जाऊन बसतं आणि आपण म्हणतो, शांत आहे हो.

मला पटलेलं एक घर सांगतो. पुण्याबाहेर राहणाऱ्या एका बाई, दोन लॅब्रॅडॉर कुत्र्या, वर्षाला एखादंच वेत. पिल्लं दिवाणखान्यालगतच्या खोलीत लाकडी चौकटीत होती. चौकटीला आतून चारी बाजूंनी जमिनीपासून वीतभर उंचीवर पट्टी ठोकलेली. विचारलं तर म्हणाल्या, आई भिंतीला टेकून झोपली की पिल्लू चिरडतं, पट्टीखाली त्याला जागा राहते. खाली खरखरीत चटई, कारण गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा, आणि शाळेच्या दोनशे पानी वहीत रंगवार वजनं. निळा, ४२० ग्रॅम. पिवळा, ३९०. जन्माचं वजन आठ-दहा दिवसांत दुप्पट व्हायला हवं. न झालेल्या पिल्लाला बाटलीने वरचं दूध. त्या वहीपुढे मला कुठलंही छापील प्रमाणपत्र फिकं वाटलं.

बाप तिथे नव्हता, आणि हे मात्र वाईट लक्षण नव्हे. चांगला ब्रीडर आपल्या कुत्रीला जोडीदार बाहेर शोधतो. घरात एकच नर आणि एकच मादी, आणि दर वेळी त्यांचंच वेत, ही सोय झाली, निवड नव्हे. बापाचे फोटो आणि कागद बघायला मागा.

कागदांबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे "केसीआयचं", नोंदणीपत्र पिल्लाची वंशावळ सांगतं. त्याची प्रकृती सांगत नाही. तरी ते वाचण्यासारखं असतं: आईच्या आणि बापाच्या बाजूला एकच आजोबा दिसला, तर नात्यातलं मेटिंग झालंय हे कळतं. पिल्लाच्या मानेपाशी कातडीखाली तांदळाएवढी मायक्रोचिप असायला हवी. डॉक्टरांकडच्या स्कॅनरवर दिसणारा पंधरा अंकी नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून घ्या. न जुळणारे नंबर निघतात.

प्रकृतीसाठी वेगळी कागदपत्रं मागायची. लॅब्रॅडॉरचं मुख्य दुखणं म्हणजे हिप डिस्प्लेजिया. खुब्याचा गोळा वाटीत नीट बसत नाही, सांधा झिजतो, आणि पुढे कुत्रं जिना चढेनासं होऊ शकतं. हे अनेक जनुकांचं मिळून होतं, त्यात लहानपणी वाढवलेलं जादा वजन भर घालतं. म्हणून आईबापांचा खुब्याचा एक्स-रे चांगला आला तरी पिल्लाची हमी मिळत नाही, पण धोका निश्चित कमी होतो. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा पीआरए आणि जोरात धावल्यावर मागचे पाय लुळे पाडणारा ईआयसी हे आजार मात्र सरळ हिशेबाचे आहेत. आईबाप दोघंही वाहक असले, तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता चारात एक. एक वाहक आणि दुसरा पूर्ण निर्दोष असेल, तर एकाही पिल्लाला होत नाही. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून ही डीएनए तपासणी होते. "आमच्या कुत्र्यांना कधी काही झालं नाही" हे तपासणीचं उत्तर नव्हे. वाहकाला स्वतःला काहीच होत नसतं.

आपल्याकडे या सगळ्या तपासण्या करणारे थोडे आहेत हे खरं. निदान एक्स-रे तरी मागा. मागितल्यावर समोरचा चिडतो की समजावून सांगतो, एवढ्यावरूनही बरंच कळतं.

कायदाही तुमच्या बाजूने आहे, बहुतेकांना तो माहीत नसतो एवढंच. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आले. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कुत्री अठरा महिन्यांची झाल्याशिवाय तिला फळवायचं नाही, बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त वेत नाही, जन्मभरात पाचाहून अधिक नाहीत. यातलं अठरा महिन्यांचं कलम मला अपुरं वाटतं, कारण अमेरिकेतली ओएफए ही संस्था खुब्याच्या एक्स-रेवर पक्का शेरा दोन वर्षं पूर्ण झाल्यावरच देते. जपून काम करणारे ब्रीडर तोवर थांबतात.

या नियमांनुसार "पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू" ही जाहिरातच बेकायदा ठरते. तरी हा आकडा बाजारात सर्रास चालतो, आणि खरं वय त्याहूनही कमी असू शकतं. तोंड उघडून बघा: आठ आठवड्यांच्या सुमारास दुधाचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात आलेले असतात. दाढांच्या जागी नुसत्या हिरड्या असतील तर तारीख खोटी. लसीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर, बॅच नंबर, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असतो. कोरी कार्डं कुणालाही मिळतात. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीला निष्प्रभ करू शकते. एका लसीने काम झालं असं सांगणाऱ्याला ते माहीत नसतं किंवा सांगायचं नसतं.

बाजारातली भाषा ऐकून भुलू नका. "डबल बोन", "पंच फेस", "चॅम्पियन ब्लडलाइन". कुत्र्याला डबल बोन नसतं. पंच फेस म्हणजे इतकं चपटं नाक की उन्हाळ्यात श्वास घ्यायची मारामार.

त्या बाईंकडे मी जितके प्रश्न विचारले, त्याहून जास्त त्यांनी मला विचारले. दुपारी घरी कोण असतं? म्हटलं, आई असते. "आईंना विचारलंत का? वय काय त्यांचं? वर्षाच्या लॅबने ओढलं तर पडतील त्या." गावाला गेल्यावर कुत्रं कुठे ठेवणार? घर भाड्याचं की स्वतःचं? आणि शेवटी, "कधीही, दहा वर्षांनीसुद्धा, सांभाळणं झालं नाही तर मला आणून द्या. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही." हे त्यांनी पावतीवर लिहूनही दिलं. दोन दिवसांत आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, काही निघालं तर पैसे परत, हेही त्याच पावतीवर होतं.

एक गोष्ट जड जाते. घाणेरड्या जागी गेलात, पिंजऱ्यात खरूज झालेलं, मरगळलेलं पिल्लू दिसलं, तर "याला तरी सोडवू" म्हणून विकत घेऊ नका. विकणाऱ्याच्या हिशेबात ती विक्रीच असते आणि त्या पिंजऱ्यात आठवड्याच्या आत दुसरं येतं. फोटो काढा, जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

चांगल्या ब्रीडरकडे पिल्लू तयार नसतं. कुत्री त्रेसष्ट दिवस गाभण राहते, त्यावर आठ आठवडे, म्हणजे मेटिंगपासून पिल्लू हातात येईपर्यंत चार महिने. जुलैच्या मध्याला मेटिंग झालं, तर पिल्लं सप्टेंबरच्या मध्याला होतात आणि नोव्हेंबरच्या मध्याला घरी येतात. बहुतेक वर्षी तोवर फटाके संपलेले असतात.