ओव्हरस्पीडचं ई-चलान चुकीचं वाटतंय? गोंदियात दाद मागायची कशी?

देवरीहून सडक अर्जुनीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर गाडी चालवून माणूस घरी येतो. काही दिवसांनी मोबाइल वाजतो. ओव्हरस्पीडचं चलान. आपण तर मर्यादेतच होतो, असं त्याला वाटतं. मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, भरूच नको, काही होत नाही. दुसरा म्हणतो, लोकअदालतीत जा, केस जिंकशील. दोन्ही सल्ल्यांत घोळ आहे.

आधी तो मेसेज खरा आहे का, ते बघायचं. चलानच्या नावाखाली एपीके फाइल पाठवून बँक खातं साफ करणाऱ्या टोळ्या जोरात आहेत. मेसेजमधल्या लिंकवर न जाता महाराष्ट्र पोलिसांच्या महाट्रॅफिक ई-चलान पोर्टलवर किंवा महाट्रॅफिक अॅपवर स्वतः गाडीचा नंबर टाकायचा.

चलान खरं असेल तर पैसे भरण्याआधी फोटो उघडायचा. दंड भरला की तडजोड झाली, प्रकरण तिथेच मिटलं. नंबर प्लेट आपलीच आहे का? गाडीचा रंग, मॉडेल जुळतंय का? त्या दिवशी गाडी कुठे होती? ३ चा ८ वाचला गेला असेल किंवा कुणी बनावट नंबर लावून फिरत असेल, तर कोर्टापर्यंत जायची बहुधा गरज पडत नाही. पोर्टलवर किंवा अॅपवर तक्रार नोंदवायची, आरसी आणि गाडीचे फोटो जोडायचे.

वेगाच्या आकड्यावरच आक्षेप असेल तर मामला वेगळा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७अ हा नियम आला. त्यानुसार वेग मोजणाऱ्या यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. कॅमेरा असलेल्या पट्ट्याआधी सूचनाफलक हवा. चलानवर स्पष्ट फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण हवं. यातलं काही नसेल, तर तोच खरा मुद्दा. ‘माझा मीटर ७८ दाखवत होता’ हे तोंडी सांगणं फारसं टिकत नाही.

पोलिसांनी नुसत्या नजरेने वेग ठरवला असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ कामी येतं. वेगाबाबत एकट्या साक्षीदाराच्या अंदाजावर दोषी ठरवता येत नाही. त्या अंदाजाला यंत्राचा आधार लागतो.

आता लोकअदालत. तिथे केस जिंकता येत नाही आणि हरताही येत नाही, कारण तिथे खटला चालतच नाही. दोन्ही बाजूंच्या संमतीने तडजोड होते आणि त्या निवाड्यावर अपील नाही. चूक मान्य असेल आणि जुनी चलानं साठली असतील, तर तिथे जाणं सोयीचं. चूकच झाली नाही असं म्हणायचं असेल, तर ती जागा नव्हे.

खरी लढाई प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात. गोंदियात त्यासाठी वेगळं ‘ट्रॅफिक कोर्ट’ शोधत बसू नये. प्रकार जिथे घडला त्या हद्दीतलं कोर्ट लागतं, त्यामुळे देवरीजवळ चलान झालेल्या राजनांदगावच्या गाडीवाल्यालाही इकडेच यावं लागतं. समन्स आल्यावर गुन्हा कबूल नाही असं सांगायचं. मग वेग सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षावर येते. यंत्राचं प्रमाणपत्र आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र मागता येतं.

तारखेचाही एक मुद्दा आहे. फक्त दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यावी, असा फौजदारी कायदा सांगतो. म्हणून फार जुन्या चलानवर हा आक्षेप घेता येतो. मात्र सबळ कारण असेल तर कोर्ट उशीर माफ करू शकतं, त्यामुळे ‘सहा महिने झाले, चलान आपोआप रद्द’ ही पोस्ट पुढे ढकलू नये.

हिशेबही करून बघावा. हलक्या वाहनाला वेगासाठी १,००० ते २,००० रुपये दंड आहे, जड वाहनाला २,००० ते ४,०००. वकिलाची फी आणि बुडालेली मजुरी यापेक्षा सहज जास्त होते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी १५१०० हा नंबर आहे. ज्याच्या रोजीरोटीची गाडी आहे आणि दुसरा गुन्हा नोंदला गेला तर लायसन्स जप्त होण्याची भीती आहे, त्याच्यासाठी मात्र हिशेब २,००० रुपयांचा राहत नाही.