ताम्रपर्णीकाठची कोरई

सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला अगस्त्यमलईच्या डोंगरात ताम्रपर्णी उगम पावते. तिला दोन्ही मोसमी पाऊस मिळतात, त्यामुळे तिच्या खोऱ्यात ओल टिकते. या ओलीत कोरई वाढते. वनस्पतिशास्त्रात ती सायपरस पँगोरेई, म्हणजे आपल्या शेतातल्या लव्हाळ्याची, नागरमोथ्याची सख्खी बहीण.

कोरईला गवत म्हणतात, पण ती गवत नव्हे. काडी बोटांत फिरवून पाहा, तीन कडा लागतात. साधारण मीटरभर उंच, पेराविना सरळ. तिला हवे भरपूर ऊन, गाळाची माती आणि मुळाशी कायम पाणी. अशा चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून काडीच्या आत हवेने भरलेला भुसभुशीत गाभा असतो आणि त्यातून हवा खाली मुळांपर्यंत पोचते. जमिनीतले आडवे खोड शाबूत राहिले, की कापलेल्या जागी पुन्हा कोंब येतात.

तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या पत्तमडई गावचे विणकर नेमका हाच गाभा खरवडून टाकतात. हिरव्या काड्या चिरायच्या, वाळवायच्या, वाहत्या पाण्यात भिजवून फुगू द्यायच्या, पुन्हा वाळवून आणखी बारीक चिरायच्या. सुती किंवा रेशमी ताण्यात या धाग्यासारख्या काड्या विणल्या, की चटई कापडासारखी घडी घालता येईल इतकी तलम होते. हे काम तिथल्या मुस्लिम कुटुंबांनी, विशेषतः बायकांनी, पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. मला ही भारतातली सर्वांत देखणी चटई वाटते.

चटईला भौगोलिक मानांकन मिळाले. काडी जिथे उगवते त्या काठाला मात्र असे कोणतेही कवच नाही. वाळूउपशाने पात्र खोल जाते, पाणी खाली उतरते आणि काठ कोरडा पडतो. सांडपाण्याचा मारा वेगळाच. कावेरीकाठी करूर, मुसिरी भागात कोरईची शेती होते, पण तिलाही पाणी लागतेच. बाजारात प्लास्टिकची चटई स्वस्त आहे, तेव्हा विणकराच्या मजुरीचे काय होते हे सांगायला नको.

आपल्याकडे तळ्यांच्या सुशोभीकरणात पहिला घाव काठच्या मोथ्या-लव्हाळ्यांवर पडतो. उतरता, चिखलाचा काठ बुजवून दगडी भिंत उभी राहते, की या वनस्पतींना जागाच उरत नाही. तुमच्या गावच्या तळ्याचा असा आराखडा आला, तर निदान एका बाजूचा काठ मातीचाच ठेवा, अशी मागणी ग्रामसभेत जरूर मांडा.