सहा डिसेंबर आणि समुद्रावरचे ढग

छत्री ऑक्टोबरातच माळ्यावर गेलेली असल्यामुळे, डिसेंबरच्या पहाटे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर गारवा अंगावर घेत बसणाऱ्या दादरकराच्या मनात पावसाची शंका सहसा येत नाही; आणि याच कोरड्या ऋतूच्या भरवशावर, विदर्भ-मराठवाड्यातून महापरिनिर्वाणदिनासाठी येणारे लक्षावधी अनुयायी वर्षानुवर्षे या मैदानात मुक्काम करीत आले आहेत. २०१७ साली तो भरवसा ‘ओखी’ने मोडला.

बांगलादेशाने सुचविलेल्या या नावाचा बंगालीतील अर्थ ‘डोळा’. ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीच्या दक्षिणेकडून जाताना या वादळाने जो हाहाकार केला, त्यात केरळ-तामिळनाडूचे शेकडो मच्छीमार घरी परतले नाहीत. पुढे अरबी समुद्रात शिरून त्याने लक्षद्वीपला झोडपले. एरवी अशी वादळे बहुधा पश्चिमेस, ओमान-येमेनच्या रोखाने निघून जातात. परंतु हिवाळ्यात उत्तरेकडून सरकणारे पश्चिमी वाऱ्यांचे उच्चस्तरीय प्रवाह त्यांना कधी कधी ईशान्येस वळवितात, आणि मग मार्गात येतो आपला किनारा. मात्र जे प्रवाह वादळाला इकडे ओढून आणतात, तेच त्याचा माथा छाटतात. खालचे पाणी थंड, भोवतालची हवा शुष्क, त्यामुळे दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याशी पोहोचता पोहोचता ओखीचे बळ सरले. ढग मात्र वाऱ्यापुढे आधीच मुंबईवर आले होते. ५ तारखेला शाळांना सुटी जाहीर झाली, पाऊस दिवसभर लागून राहिला, आणि दत्तजयंतीची पौर्णिमा नुकतीच सरलेली असल्याने भरतीही उधाणाची होती.

अशी वादळे मुंबईला अगदीच अपरिचित नाहीत. १९४८ च्या नोव्हेंबरातला तडाखा आणि २००९ चे ‘फयान’ यांची नोंद दफ्तरी आहे. पण माझ्या मते, खरा प्रश्न इशारा कोणाच्या कानी पडतो हा आहे. बंदरावर बावटा चढला की माहीमचा कोळी होडी वर ओढतो, कारण ती भाषा त्याच्या पिढ्यांच्या ओळखीची आहे. अंथरूण-पांघरूण आणि भाकऱ्यांचे गाठोडे घेऊन आदल्या रात्रीच अमरावतीहून गाडीत बसलेल्या आजीला मात्र ‘मध्यम ते जोरदार सरी’ या शब्दांतून, रात्री पाठ टेकायला कोरडी जमीन मिळेल की नाही, हे कळत नाही. ओखीच्या वेळी पालिकेने शाळांचे वर्ग उघडून निवाऱ्याची तजवीज केली, हे उचितच झाले. तथापि कोणत्या गल्लीतली कोणती शाळा उघडी आहे, हे हवामानाच्या इशाऱ्यासोबतच, गाडी कल्याणला पोहोचण्यापूर्वी सांगितले गेले पाहिजे.

त्या मैदानात पुस्तकांची दुकानेही असतात. पाऊस आला की विक्रेता आधी ताडपत्री पुस्तकांवर ओढतो, मग स्वतःच्या डोक्याचा विचार करतो. आणि सर थांबली की ताडपत्रीच्या खळग्यात साचलेले पाणी दोन्ही हातांनी अलगद बाजूला ओततो, खालच्या गठ्ठ्यावर थेंबही पडू नये अशा बेताने.