डोळे शाबूत, पण नजर जुळेना

जुलै १९६१ मध्ये इंग्लंडमधील होव्ह या गावी मोटारीला अपघात झाला आणि काचेची एक कपची मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्यात शिरली. त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. तरीही काही महिन्यांतच ते हैदराबादला एमसीसीच्या संघाविरुद्ध फलंदाजीस उतरले. जखमी डोळ्याला त्यांनी स्पर्शभिंग लावले होते. गोलंदाजाने चेंडू टाकला की त्यांना दोन चेंडू दिसत, एकमेकांपासून सहा-सात इंचांवर! त्यांतला आतल्या बाजूचा चेंडू खरा मानून ते खेळत राहिले. चहापानानंतर त्यांनी ते भिंग काढून टाकले आणि उजवा डोळा मिटून घेतला. दुसरा चेंडू नाहीसा झाला.

पुढे मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागून आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली. त्यांचा जीव वाचवण्यासाठी वेस्ट इंडीजच्या फ्रँक वॉरेलने रक्त दिले, तसेच आपल्या चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी यांनीही दिले. कॉन्ट्रॅक्टर यांच्या जागी कर्णधार झाले ते हेच पतौडी. वय अवघे २१.

पतौडींचा डोळाच जखमी झाला होता आणि कॉन्ट्रॅक्टर यांचे हाड मोडले होते. दोन्ही दुखापती दिसण्यासारख्या होत्या. आपल्याला आज पाहायची आहे ती तिसऱ्याच प्रकारची दुखापत. हिच्यात हाड मोडत नाही, डोळ्याला ओरखडाही येत नाही, पण पुस्तकातील अक्षरे मात्र दोन-दोन दिसू लागतात.

समजा, श्रावणात शेवाळ धरलेल्या पाखाडीवरून एक मुलगी घसरली आणि जांभ्याच्या पायरीवर तिचे डोके आपटले. किंवा कबड्डीत चढाई करणाऱ्या मुलाचे डोके दुसऱ्याच्या गुडघ्यावर आदळले. थोडा वेळ गरगरले, एक उलटी झाली. रुग्णालयात मेंदूचे छायाचित्र काढले, त्यात काहीच निघाले नाही. आठवड्याने शाळा सुरू झाली. पण दहा मिनिटे वाचले की कपाळ ठणकते, ओळी सुटतात, फळ्यावरून वहीकडे पाहिले की अक्षरे क्षणभर धूसर होतात. नेत्रतपासणीच्या तक्त्यावरची सगळ्यांत खालची ओळसुद्धा घडाघडा वाचता येते. मग घरचे म्हणतात, अभ्यास टाळण्याची ही नवी युक्ती दिसते! या मुलांवर होणारा हा अन्याय मला त्या आपटण्यापेक्षा कमी वाटत नाही.

मग बिघडले कुठे? एस.टी.च्या चालकाने अचानक ब्रेक दाबला की उभे प्रवासी पुढे कलंडतात, हे जडत्वाचे उदाहरण तुम्ही शिकला आहात. कवटीतही तसेच घडते. सुमारे १४०० ग्रॅम वजनाचा मऊ मेंदू एका द्रवात जणू तरंगत असतो. कवटी थांबते, मेंदू थांबत नाही. डोक्याला गिरकी बसली तर आणखी वाईट, कारण तेव्हा मेंदूचे थर एकमेकांच्या तुलनेने कमी-अधिक सरकतात आणि त्यांतून जाणारे लांब मज्जातंतू ताणले जातात. या हादऱ्याला डॉक्टर ‘कन्कशन’ म्हणतात. बिघाड इतका सूक्ष्म असतो की नेहमीच्या छायाचित्रात तो दिसत नाही.

आता पाहण्याच्या कामात मेंदूचा वाटा केवढा आहे ते बघा. प्रत्येक नेत्रगोल फिरवायला सहा स्नायू आहेत, म्हणजे दोन डोळ्यांना बारा. देवरूखच्या पूर्वेला सह्याद्रीची रांग आहे. तिच्या एखाद्या सुळक्याकडे तुम्ही पाहता तेव्हा दोन्ही डोळ्यांचे अक्ष जवळजवळ समांतर असतात. तेच पुस्तक ३० सेंटिमीटरवर धरले, की दोन्ही डोळे नाकाकडे वळावे लागतात. दोन डोळ्यांतले अंतर ६ सेंटिमीटर धरा आणि त्रिकोण काढा. अक्षांमधला कोन सुमारे ११ अंश येतो. पुस्तक १० सेंटिमीटरवर आणले तर तो ३३ अंशांवर जातो. अक्षांच्या या एकवटण्याला आपण अभिसरण म्हणू. अभिसारी भिंगातला तोच शब्द.

त्याच क्षणी डोळ्यातील भिंगही फुगून जाड झाले पाहिजे. ३० सेंटिमीटरसाठी त्याची शक्ती सुमारे ३.३ डायॉप्टरने वाढावी लागते. हे समायोजन आणि ते अभिसरण ही दोन कामे मेंदूने एकमेकांना जुंपलेली आहेत, एका जुवाखालच्या बैलजोडीसारखी. वाचताना तर डोळे ओळीवरून सरकत नाहीत, टुणटुण उड्या मारत जातात. प्रत्येक उडी दोन्ही डोळ्यांनी बरोबर एकाच वेळी, एकाच मापाची मारायची. बैल एकच तसूभर मागे राहिला तरी नांगर वाकडा चालतो.

एक प्रयोग आत्ताच करा. हा अंक हातात धरून भराभर डावीकडे-उजवीकडे हलवा. अक्षरे फिसकटतील. आता अंक स्थिर ठेवा आणि तितक्याच वेगाने नकारार्थी मान हलवा. अक्षरे वाचता येतात! कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय डोके किती फिरले ते मेंदूला कळवते आणि मेंदू डोळे तितकेच उलट दिशेने फिरवतो. कन्कशननंतर ही जोडणीही ढिली पडू शकते. अशा मुलाला आंबा घाटातल्या वळणांवर काय वाटत असेल, त्याची कल्पना करा.

यावर उपाय म्हणून जे व्यायाम देतात त्यांना दृष्टि-उपचार म्हणतात. व्यायाम म्हटले की स्नायू बळकट करणे, असे तुमच्या मनात येईल. पण डोळ्यांचे स्नायू मुळात पुरेसे बळकट असतात. शिकवायचे असते ते त्यांना हुकूम देणाऱ्या मेंदूला. सायकल शिकताना पायांत बळ वाढते म्हणून तोल येतो का? तसेच हे.

यातले एक साधन तुम्ही घरी बनवू शकाल. फ्रेडरिक ब्रॉक या अमेरिकेतील दृष्टितज्ज्ञाच्या नावाने ते ओळखले जाते. दीड मीटर पांढरा दोरा घ्या. त्यात तीन रंगांचे मणी किंवा गुंड्या ओवा आणि एका टोकापासून २०, ५० व १०० सेंटिमीटरवर पक्क्या बसवा. दुसरे टोक खिडकीच्या गजाला बांधा, हे टोक नाकाच्या शेंड्याला लावा आणि मधल्या मण्याकडे पाहा. मणी एकच दिसेल, पण पुढचा आणि मागचा मणी दोन-दोन दिसतील. दोरेही दोन दिसतील आणि ते त्या मण्यावरच एकमेकांना छेदतील, गुणाकाराच्या फुलीसारखे. घाबरू नका, असे दिसणे हे निरोगी जोडीचे लक्षण आहे. ज्या बिंदूवर अक्ष मिळतात तेवढाच एकेरी दिसतो. अलीकडचे-पलीकडचे बिंदू दोन्ही दृष्टिपटलांवर वेगवेगळ्या जागी उमटतात.

आता गंमत पाहा. फुली मण्याच्या पलीकडे पडली, तर डोळ्यांचे अक्ष मण्यामागे मिळत आहेत, म्हणजे अभिसरण कमी पडते. एक दोरा अधूनमधून गडप झाला, तर मेंदू एका डोळ्याची प्रतिमा दाबून टाकतो आहे. आपले अक्ष कुठे मिळतात हे एरवी कुणालाच कळत नाही. या दोऱ्यामुळे ते समोर दिसते आणि रुग्ण स्वतःच फुली ओढून मण्यावर आणायला शिकतो. चार आण्यांच्या दोऱ्यात एवढी भूमिती मावते, याचे मला अजून कौतुक वाटते.

उपचारात लोलकही वापरतात. लोलकाचा पाया कानशिलाकडे ठेवून डोळ्यासमोर धरला, की किरण पायाकडे वळतो आणि वस्तू नाकाच्या बाजूला सरकल्यासारखी भासते. ती एकेरी दिसावी म्हणून डोळ्याला जास्त आत वळावे लागते. लोलकाचा कोन थोडाथोडा वाढवत नेतात.

या व्यायामांचा गुण खरोखर येतो का? डोक्याला मार न लागताही काही मुलांचे अभिसरण कमी असते. अशा ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर अमेरिकेत केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना तर चक्क लुटूपुटूचे व्यायाम दिले होते, खऱ्यासारखे दिसणारे पण निरुपयोगी. बारा आठवड्यांनी तज्ज्ञासमोर बसून व्यायाम करणाऱ्यांपैकी ७३ टक्के मुलांना गुण आला. घरी नुसती पेन्सिल नाकाजवळ आणणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होते आणि लुटूपुटूवाल्यांत ३५! म्हणजे काहीही न करता, केवळ विश्वासाने आणि काळाने बऱ्याच मुलांना बरे वाटते. खऱ्या उपचाराचे श्रेय मोजायचे ते त्याच्या वरचे. २०१९ साली ३११ मुलांच्या दुसऱ्या चाचणीत असेही आढळले, की वाचलेले समजण्याच्या क्षमतेत खऱ्या व्यायामांनी लुटूपुटूच्या व्यायामांपेक्षा जास्त भर पडली नाही. तेव्हा ‘दृष्टि-उपचाराने चष्मा सुटेल, गुण वाढतील’ अशी जाहिरात दिसली तर खिसा सांभाळा.

कन्कशननंतरच्या त्रासाबाबतचा पुरावा याहून कमी आहे. अडचण अशी की बहुतेक मुले महिनाभरात आपोआपच बरी होतात, मग श्रेय कुणाला द्यायचे? म्हणून पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, पडद्यापासून दूर राहणे, मग हळूहळू अभ्यास आणि शेवटी खेळ, हा क्रम पाळतात. त्यानंतरही त्रास रेंगाळला तर डोळ्यांच्या जोडीची तपासणी करून घ्यावी. मात्र डोकेदुखी वाढत चालली, वारंवार उलट्या झाल्या, झोप आवरेना, किंवा दोन दिसणे अचानक सुरू झाले, तर दोरा-मणी बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे.

मी भौतिकशास्त्राचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण नेत्रतज्ज्ञाकडे जाताना दोन गोष्टी जरूर सांगा: डोक्याला मार कधी लागला, आणि एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणे थांबते का. थांबत असेल, तर दोष बहुधा जोडीत आहे. एका डोळ्यानेही दोन दिसत असतील, तर कारण वेगळे शोधावे लागते. मग तक्त्याबरोबरच एक साधी चाचणी करून घ्या. पेन्सिलीचे टोक हळूहळू नाकाकडे आणतात आणि ते दोन दिसू लागले की अंतर मोजतात. पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत एकच दिसणे हे ठीक.

या उपचाराची केंद्रे मोठ्या शहरांतच आहेत. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात डोळ्यांच्या जोडीच्या दोषांसाठी खास विभाग आहे. आपल्याकडच्या मुलाने दर आठवड्याला घाट उतरून-चढून जावे, हे सोपे नाही. व्यायामाचा मोठा भाग घरीच, रोज पंधरा मिनिटे करायचा असतो, एवढी सोय आहे. तोपर्यंत वर्गात त्याला पुढच्या बाकावर बसवा, मोठ्या टायपातला मजकूर द्या, दर दहा मिनिटांनी खिडकीबाहेर डोंगराकडे पाहू द्या, आणि फळ्यावरचे उतरवण्याचे काम शेजारच्या मुलाने कार्बन घालून करावे.